बदलीचं गाव

१९९१ च्या मे महिन्यात बँकेनं माझी बदली चिपळूणहून औरंगाबादला केली. तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं. छत्रपती संभाजीनगर हे नाव त्याला २०२३ साली मिळालं. ऑर्डर हातात पडली त्या रात्री आईनं मला एकच प्रश्न विचारला, "तिथे विहीर आहे का?"

"विहीर कशाला? नळ आहे."

"नळाला पाणी कुठनं येतं?"

"महापालिका देते," मी म्हणालो. पैसे कुठून येतात या प्रश्नाला 'कॅशियर देतो' असं सांगण्यासारखंच हे उत्तर होतं. आई काही बोलली नाही. साठ वर्षांची बाई, सगळा जन्म परसातल्या विहिरीवर गेलेला. दुसऱ्या दिवशी तिनं रहाटाला हात लावून नमस्कार केला, तो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

बायकोनं शाळेतली नोकरी सोडली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. मी सगळ्यांना सांगितलं होतं, तीन वर्षांचा प्रश्न आहे. बदलीच्या नोकरीतला माणूस हे वाक्य इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सिडकोत येऊन पडलो. सिडकोचे भाग एन-एक, एन-दोन असे ओळखले जातात, गल्ल्या एकासारख्या एक. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दारासमोर स्कूटर लावली. या बैठ्या घरांमध्ये आमच्यासारखेच बाहेरून आलेले लोक होते. कुणी १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर नोकरीसाठी आलेलं, कुणी विद्यापीठात, कुणी सरकारी कचेरीत. गावाची ओळख करून द्यायला मूळ गावकरी शोधावा, तर जो भेटे तो म्हणे, आम्हीही बाहेरचेच.

आणि पाऊस नव्हता. चिपळूणला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, इथे सातशेच्या घरात. म्हणजे पाचातला एक. आकडा मला ठाऊक होता. पण आकडा ठाऊक असणं वेगळं आणि आषाढ अर्धा उलटून गेल्यावर अंगणात उभं राहून आकाशाकडे पाहणारी आई पाहणं वेगळं. एक सर येऊन गेली की ती म्हणे, "हा पाऊस झाला की कुणी हात झटकले?" चिपळूणहून आणलेली अबोलीची रोपं पंधरा दिवसांत गेली. मुलगी घराबाहेर पडेना. चारी बाजूंचे बोडके काळे डोंगर पाहून तिनं विचारलं होतं, "बाबा, इथे आग लागली होती का?"

पहिले सहा महिने मी एक चूक केली. दोन दिवसांची सुट्टी आली की एस. टी. च्या रातराणीनं सगळ्यांना घेऊन कोकणात पळायचो. परत येताना घाट चढला की गाडीत कुणी बोलत नसे. माणसं नव्या गावात रुजत नाहीत याचं खापर गावावर फोडायला आपण मोकळे असतो. आपणच दर महिन्याला त्यांना उपटून पुन्हा लावतो आहोत, हे ध्यानात यायला वेळ लागला.

ओळख झाली ती पाण्यामुळे. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, पहाटे यायचं. शेजारच्या घरातल्या गुरुजींच्या मंडळी दारात येऊन हाक देत, "पाणी आलं वो!" की सबंध गल्ली बादल्या-घागरींसह जागी. आईला पहिल्या मैत्रिणी त्या तासाभरात मिळाल्या. कोकणातल्या विहिरीवर एकटीनं पाणी ओढणाऱ्या बाईला हे रांगेतलं, गप्पांतलं पाणी हळूहळू आवडू लागलं असावं. तिथेच तिला येसराची आमटी कळली, धपाटे कळले, ज्वारीची भाकरी हातावर थापायला ती तिथल्याच बायकांकडून शिकली. भाषेची मात्र गंमत होई. आईनं विचारावं, "गुरुजी काय करताहेत?" उत्तर येई, "जेवू लागले." इथे त्याचा अर्थ 'जेवत आहेत' एवढाच. आई तासाभरानं पुन्हा विचारी, पुन्हा तेच उत्तर मिळे. तोवर दुसरी पंगत बसलेली असे. ती मला हळूच म्हणाली, "यांचं सगळं सुरूच होतं, संपत कसं नाही?"

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. धोतर, काळी टोपी, बोलणं कमी. मूळचे गोदाकाठचे. एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि अधिक विचारावं असं मला सुचलं नव्हतं. आईचा तो जुना प्रश्न एकदा त्यांच्या कानावर गेला. ते म्हणाले, "आजी, पाणी कुठनं येतं ते बघायचं तर आधी जुनं पाणी बघा. नवं मग."

तर त्या रविवारी आम्ही पाणचक्की पाहायला गेलो. मी, बायको, मुलगा आणि मुलगी स्कूटरवर. आई आणि गुरुजी रिक्षानं.

पाणचक्की बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते, म्हणजे पाहिलेली नसते. भिंतीवरून पाणी पडतं, चक्की फिरते, फोटो होतो, मुलं पळतात. गुरुजींनी आम्हाला त्या भिंतीसमोर उभं केलं आणि मुलीला विचारलं, "एवढ्या उंचावर पाणी चढवलं कुणी? मोटार तर नाही." तिला उत्तर येईना. मलाही येईना. मग त्यांनी सांगितलं. हे पाणी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं. भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून काही किलोमीटर येतं. बंद नळातलं पाणी आपल्या उगमाच्या उंचीएवढं चढायला बघतं. तेवढाच हिशेब धरून भिंत बांधलेली. अठराव्या शतकात इथल्या दर्ग्यातले फकीर, विद्यार्थी, वाटसरू यांच्यासाठी या चक्कीवर पीठ निघत असे. हौदाखाली प्रशस्त दालन आहे, आणि दालनाचं छत म्हणजे हौदाचा तळ. बाहेर ऊन रणरणत असताना आत गार. आई तिथे भिंतीला टेकून बसली ती उठेना. म्हणाली, "घरच्यासारखं वाटतं."

याच्याही आधीची गोष्ट मलिक अंबरची. हा हबशी माणूस, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० साली त्यानं खडकी या गावी आपली राजधानी वसवली. तेच हे शहर. नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद. राजधानी वसवायची तर आधी पाणी, हे ओळखून त्यानं डोंगरउतारावरचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणलं. मधूनमधून उभी विवरं ठेवली, आत उतरून गाळ काढता यावा म्हणून. नहर-ए-अंबरी तिचं नाव. ज्याची जन्मभूमी समुद्रापलीकडे आफ्रिकेत, त्यानं या कोरड्या पठाराची नस ओळखली, आणि मी दोन डोंगर ओलांडून येऊन वर्षभर रडत होतो. मलिक अंबर १६२६ साली वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. बदली करून घेऊन परत गेला नाही.

बदलीवरून आठवलं. आमच्या खात्यात बदलीच्या ऑर्डरींवर फार कुरकुर चाले. दौलताबादचा किल्ला पाहून आल्यावर मी ती बंद केली. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानीच देवगिरीला हलवली, त्याचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि काही वर्षांत परतीची ऑर्डर काढली. जॉइनिंग टाइम आणि सामानाचा भत्ता किती दिला याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र ऑक्टोबरात सीताफळांच्या पाट्या लागतात, आणि त्या डोंगरावरचं सीताफळ खाल्ल्यावर तुघलकाबद्दलचं माझं मत थोडं मवाळ झालं.

मुलीनं एक उद्योग काढला होता. बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं गावाचा नकाशा काढायला घेतला. नियम एकच, जिथे आपण पायानं गेलो तेवढंच काढायचं. पाणचक्की पहिली. मग मकाई दरवाजा, भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा. या गावाला बावन्न दरवाजे होते म्हणतात. ती सापडतील तेवढे मोजत राहिली. मग हिमायत बागेतली आंब्याची झाडं आणि तिच्याजवळचा जुना खिजरी तलाव, ज्याला आता सलीम अली सरोवर म्हणतात. तिथे एका थंडीत तिनं हळदीकुंकू बदक ओळखलं. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, म्हणून हे नाव. कोकणातून आल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

विद्यापीठामागची गोगाबाबाची टेकडी, बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी. वेरूळ-अजिंठ्याच्या धाकामुळे या लेण्यांकडे कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली माणसं त्याची करुणा भाकताहेत: आग, चोर, बुडणारं जहाज, हत्ती, साप. बायको बराच वेळ ते पाहत उभी होती. "यात बदली नाही," ती म्हणाली. गेल्या दीड वर्षात त्या विषयावरचा तिचा हा पहिला विनोद. मी हसलो, पण नोकरी तिनं सोडली होती, मी नाही, हेही त्या क्षणी टोचलं. पुढच्या जूनमध्ये तिला इथल्या एका शाळेत जागा मिळाली.

डोंगरांबद्दल मुलीचा गैरसमज पहिल्याच फाल्गुनात दूर झाला होता. वेरूळच्या वाटेवर पळस फुलला आणि तीच म्हणाली, "आग आता लागली." पावसाळ्यात तरवडाची पिवळी फुलं, पहिल्या दोन सरींनंतर आठवड्याभरात हिरवा होणारा तोच काळा कातळ, कोकणातली हिरवाई रोजचीच, म्हणून तिच्याकडे आम्ही कधी टक लावून पाहिलं नव्हतं. इथे ती तिथीला येणाऱ्या पाहुण्यासारखी असते. जुलैत आईला म्हैसमाळला नेलं. धुकं असं की हातभर अंतरावरचं दिसेना, झाडांवरून पाणी ठिबकतंय. आईनं छत्री मिटली आणि भिजत उभी राहिली. कुणी तिला आत या म्हटलं नाही.

आता नव्या पाण्याकडे येतो. हे सांगायचं मी बरेच दिवस टाळत आलो आहे.

माझी शाखा पैठण रस्त्यावर होती आणि माझ्याकडे शेतीकर्जं होती. १९९१ च्या दिवाळीआधी, रब्बीच्या तोंडावर, एक शेतकरी हरभऱ्यासाठी कर्ज मागायला आला. सातबारा मागितला तर म्हणाला, जमीन गाळपेराची आहे. मला शब्द नवा होता. धरणाचं पाणी हिवाळ्यात मागे हटू लागलं की काठची गाळाची जमीन उघडी पडते. ती सरकारची, एका सालासाठी पट्ट्यानं कसायला मिळते. पुढच्या पावसात पुन्हा पाण्याखाली. नावावर सातबारा नाही, तारण नाही. नियमात बसत नव्हतं. मी अर्ज परत केला. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, "बरं साहेब" म्हणून गेला. अशी दिवसाला चार माणसं परत जातात. मी विसरलो.

दीड वर्षानं, १९९३ च्या फेब्रुवारीत, गुरुजी म्हणाले, "आजी, आता नवं पाणी बघायला चला. रोहित आलेत."

जायकवाडीचं धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे. मागच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. पूर्ण भरला की १०२ टीएमसी, पातळी १५२२ फूट. इथला चहावालाही हा आकडा तोंडपाठ सांगतो. तिथून पाणी पंपानं उपसून, फारोळ्याला शुद्ध करून, चढावर शहरात आणायचं. मलिक अंबरचं पाणी उतारानं येत होतं, आमचं विजेनं येतं. आणि भरतं ते बहुतेक वरच्या नाशिक-नगरकडच्या पावसावर. पैठणला आकाश कोरडं आणि गोदावरीला पूर, असं पुष्कळदा होतं.

बांधापासून दूर, आतल्या काठानं गुरुजी आम्हाला घेऊन गेले. एवढं पाणी आईनं समुद्रानंतर प्रथमच पाहिलं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी-पांढरी रेघ, पलीकडे चक्रवाक, आणि काठाजवळ काळे गुबगुबीत पक्षी शेकड्यांनी. त्यांच्या कपाळावर पांढरा ठसा. गुरुजी मुलीला म्हणाले, "याचं नाव वारकरी. गोपीचंदन लावलंय बघ." नाथांच्या गावी याहून योग्य पक्षी कुठला असणार! १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. मुलगी भराभर वहीत लिहीत होती.

काठाच्या गाळात हरभरा उभा होता. गुरुजींनी हाक मारली, शेतातून एक माणूस आला. गुरुजींचा धाकटा भाऊ. त्यानं मला पाहिलं, मी त्याला. तोच.

"साहेब, तुम्ही ज्याला नाही म्हणालात, ती हीच जमीन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता; पाहुण्याला शेताची हद्द दाखवावी तसं त्यानं ते सांगितलं. मग काटक्या पेटवून त्यानं हरभऱ्याचा हुळा भाजला आणि पहिली मूठ आईच्या हातावर ठेवली.

आईनं विचारलं, "बाळा, घर कुठे रे तुझं?"

त्यानं रोहित उभे होते तिकडे बोट केलं. "तिथं. ते पाखरू मान खाली घालून उभंय ना, त्याच्या थोडं पलीकडं. मारुतीचं देऊळ, त्याला लागून आमचा वाडा."

या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावं गेली. हा आकडा मी बँकेच्या एखाद्या अहवालात वाचलेला असणार. गुरुजी दीड वर्ष माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होते, एका नळाच्या वेळेला उठत होते, भावाचा अर्ज मी परत केला हे त्यांना माहीत होतं, आणि एका शब्दानं त्यांनी ते मला कळू दिलं नव्हतं. मी पहाटे बादलीत धरत होतो ते पाणी त्यांच्या घरावरून येत होतं. एका सालासाठी पट्ट्यानं मिळणारी ही जमीन बहुधा त्यांच्याच आजाची असणार, आणि मी त्यांच्याकडे सातबारा मागितला होता.

परतताना आई बऱ्याच वेळानं बोलली. "आपल्याकडे कोयनेचं पाणी वीज करून झाली की पोफळीवरून वाशिष्ठीत सोडतात आणि समुद्रात जातं. कुणी विचारत नाही." तिचा हिशेब मी घरी येऊन मांडला. वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीतून समुद्राला मिळणारं कोयनेचं पाणी वर्षाला ६७ टीएमसीच्या घरात. म्हणजे आमच्या परसामागून दर वर्षी जवळजवळ दोन तृतीयांश नाथसागर वाहून जात होता, आणि आम्ही त्याकडे पूर आलाय का एवढ्याच काळजीनं पाहत होतो. कोयनेखालीही गावं गेलीच की. त्यांच्याबद्दलही मी चिपळुणात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सोमवारी मी वरच्या कचेरीला एक टिपण लिहिलं: पट्ट्याच्या पावतीवर आणि दोन जामीनदारांवर गाळपेराला हंगामी कर्ज देता यावं. पोच आली. उत्तर आलं नाही. मी दोनदा स्मरणपत्र पाठवलं आणि मग इतर कामांत ते बुडालं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. तिसरं स्मरणपत्र मी पाठवलं नाही, हेच त्यातलं खरं.

मुलीनं त्या रात्री नकाशावर दुसरं कॅलेंडर चिकटवलं, कारण पहिल्याचा कागद दक्षिणेला संपला होता. निळ्या रंगानं नाथसागर काढला आणि निळ्याच्या आत एक ठिपका देऊन त्या गावाचं नाव लिहिलं. नियमाप्रमाणे तिथे ती पायानं गेलेली नव्हती. मी ते दाखवून दिलं. ती म्हणाली, "ते गेले होते ना."

तीन वर्षं संपली तेव्हा चिपळूणला परत जाण्याचा पर्याय आला होता. घरात विचारलं. मुलगा म्हणाला, नको. बायको म्हणाली, शाळेचं वर्ष मध्यात आहे. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात कढीपत्ता लावला. पुढे माझ्या आणखी तीन ठिकाणी बदल्या झाल्या. मी एकटा गेलो, घर इथेच राहिलं.

आई २००९ साली गेली. अस्थी गुहागरच्या समुद्रात सोडायच्या असं आमच्या मनात होतं. पण शेवटच्या आजारात तिनंच सांगून ठेवलं होतं, "एवढ्या लांब कशाला? पैठणला न्या. आपलं पाणी तिथलं." गुरुजी तेव्हा थकलेले होते, तरी घाटावर आले.

२०१३ च्या आणि २०१६ च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यापर्यंत गेला. पाणी इतकं हटलं की बुडालेल्या गावांच्या पायांचे दगड उघडे पडले. गुरुजी त्याआधीच वारले. त्यांचा भाऊ मला म्हणाला, "चला साहेब, घर दाखवतो." आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. मारुतीचं जोतं होतं, पलीकडे उंबऱ्याचा एक घडीव दगड. तो त्यावर बसला, मला शेजारी बसवलं आणि तंबाखू मळू लागला. 'मळू लागला' हे आता मी इथल्याच अर्थानं म्हणतो.

गाव या वर्षांत चहूबाजूंनी वाढलं. खामच्या काठाची साफसफाई होऊन तिथे लोक फिरायला येऊ लागले. नळाला पाणी मात्र दिवसाआडवरून पाच-सहा दिवसांवर, कधी आठवड्यावर गेलं. नव्या मोठ्या योजनेचं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरात झालं. आमच्या गल्लीत आता बहुतेक नवी माणसं आहेत. परवा वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं आलं, कोल्हापूरकडचं. मुलीनं दारातूनच विचारलं, "काका, इथे पाणी कधी येतं?" मी वार सांगितला. पाणी कुठून येतं, हे तिनं अजून विचारलेलं नाही. मकरसंक्रांतीनंतर त्यांना घेऊन जायचा विचार आहे.

आमची मुलगी आता पुण्याला असते. दर पावसाळ्यात तिचा फोन येतो. तब्येतीच्या आधी, नातवंडांच्या आधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाबा, नाथसागर किती टक्के झाला?"

"थांब," मी म्हणतो, "चष्मा घेतो. पेपरात आहे."